धागा: झाडं वाढली की नदीचं पाणी वाढतं की घटतं? जमीनवापर, झाडोरा आणि पाणलोटातला अपधाव (पावसातून वाहून येणारं पाणी)

निवळी (धागाकर्ती)

‘जंगल वाढवा, नदी बारमाही होईल’ हे वाक्य इतकं रुळलंय की पुरावा मागणाराच खलनायक ठरतो. पण जोडपाणलोटांच्या प्रयोगांचे (शेजारची दोन सारखी पाणलोटं घेऊन एकात बदल करायचा आणि दुसऱ्याशी ताडायचं) निकाल वाचायला घेतले की बहुतेक ठिकाणी उलटं दिसतं: झाडं तोडली की वार्षिक प्रवाह वाढतो, लावली की घटतो. दुसरीकडे उजाड डोंगरावरून पाणी धो-धो वाहून जातं आणि पावसाळा सरला की ओढे कोरडे पडतात, हेही खोटं नाही. दोन्ही खरं असेल तर मधला दुवा कोणता?

विचारायचं हे, की वनाचं शेत झालं, गवताळ माळावर लागवड झाली, शेतांवर वस्ती आली, तर नदीच्या पाण्यावर किती फरक पडेल हे आकड्यांत कसं काढायचं? आणि प्रवाहाच्या नोंदी हाताशी असतील तर हा फरक पावसाच्या चढउतारातून वेगळा कसा करायचा? सूत्रं, पायऱ्या, कुठे फसायला होतं, सगळं चालेल. ‘निसर्ग वाचवा’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

मोजपट्टी

‘नदीचं पाणी’ हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. वर्षभरात एकूण किती, पुरात कमाल विसर्ग किती, आणि कोरड्या महिन्यांत किती. एकाच बदलाने पहिलं घटू शकतं, दुसरं मोठ्या पुरात जवळपास तसंच राहतं, आणि तिसरं कुठे झुकेल हे मातीवर ठरतं. या विषयावरचे निम्मे वाद एक जण पहिल्याबद्दल आणि दुसरा तिसऱ्याबद्दल बोलत असल्यामुळे होतात.

पहिल्यापासून सुरू करतो, कारण तिथे चित्र सर्वांत स्पष्ट आहे. अनेक वर्षांची सरासरी घेतली की जमिनीतल्या साठ्यातला बदल नगण्य होतो आणि ताळेबंद साधा उरतो: प्रवाह = पाऊस वजा बाष्पीभवन व पर्णोत्सर्जन. म्हणजे झाडोरा हवेत किती पाणी परत पाठवतो, एवढाच मुद्दा. झांग, डॉझ आणि वॉकर यांनी २००१ मध्ये जगभरच्या २५० हून जास्त पाणलोटांवरून एक सूत्र दिलं:

बा/पा = (१ + व × क/पा) ÷ (१ + व × क/पा + पा/क)

पा म्हणजे वार्षिक पाऊस, बा म्हणजे प्रत्यक्ष बाष्पीभवन (पर्णोत्सर्जन धरून), क म्हणजे बाष्पीभवनाची कमाल क्षमता, आणि व हा झाडोऱ्याला मातीतलं पाणी किती वापरता येतं याचा गुणांक. वनासाठी व = २.० आणि क = १४१० मिमी, गवतासाठी व = ०.५ आणि क = ११०० मिमी.

१००० मिमी पाऊस धरा. पूर्ण वन असेल तर बा ८४३ मिमी येतं, प्रवाहाला उरतात १५७. पूर्ण गवत असेल तर बा ६३० आणि प्रवाह ३७०. फरक २१३ मिमी. पाऊस ६०० मिमी असेल तर प्रवाह अनुक्रमे ४२ आणि १३३; २००० मिमी असेल तर ७४१ आणि ११७६. मिलिमीटरमध्ये फरक ओल्या प्रदेशात मोठा आहे, टक्क्यांत मात्र कोरड्या प्रदेशात. ६०० मिमीच्या पाणलोटात गवतावर वन आलं तर प्रवाहाचा दोन-तृतीयांश भाग जातो. पाण्याची टंचाई असलेल्या भागात सरसकट लागवड करण्याआधी हा आकडा समोर ठेवायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्षात पाणलोट शंभर टक्के बदलत नाही. वन २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलं तर १००० मिमी पावसाला प्रवाह सुमारे ३२७ वरून २८५ वर येईल, म्हणजे १३ टक्के घट. आणि हे सरासरी सूत्र आहे. पाऊस तीन-चार महिन्यांत आटोपत असेल आणि माती उथळ असेल, तर बाष्पीभवनाची क्षमता असूनही उरलेल्या वर्षात झाडांना पाणीच मिळत नाही. अशा ठिकाणी सूत्र बाष्पीभवन जास्त दाखवतं आणि वन-गवत फरकही फुगतो.

पालापाचोळा

झाड गवतापेक्षा जास्त पाणी का उडवतं, त्याची तीन कारणं. ती वेगळी ओळखली नाहीत तर एका प्रदेशाचा निकाल दुसऱ्याला चिकटवला जातो.

पानांवर अडणारा पाऊस हे पहिलं. पर्णछत्र एका वेळी साधारण १ ते २ मिमी पाणी धरतं. पाऊस थांबला की ते जमिनीला न लागता उडून जातं. रिपरिप पावसाच्या प्रदेशात दिवसात अनेकदा छत्र भिजतं आणि वाळतं, त्यामुळे दाट सूचिपर्णी वनात वर्षाच्या पावसाचा पाव ते तिसरा हिस्सा असाच जाऊ शकतो. तेवढाच पाऊस मोजक्या मुसळधार सरींत पडला तर हा वाटा बराच खाली येतो. वेल्समधल्या प्लिनलिमनला सेव्हर्नचं बरंचसं वनाच्छादित पाणलोट आणि शेजारचं वाय नदीचं गवताळ पाणलोट यांची तुलना दशकानुदशकं झाली. तिथे वनातून जास्त पाणी उडण्यामागे मुख्य हात या अडलेल्या पावसाचाच निघाला.

दुसरं कारण मुळं. गवत वरच्या मातीतलं पाणी संपलं की पिवळं पडून थांबतं, झाड खालून ओढत राहतं. ओल्या आणि रिपरिप प्रदेशात पहिलं कारण भारी, कोरड्या ऋतूच्या प्रदेशात दुसरं.

तिसरं, छत्राचा खडबडीतपणा. उंच, असमान छत्रावर हवा घुसळली जाते आणि वाफ लवकर वाहून नेली जाते.

शिवाय पानं वर्षभर असतात की नाही यानेही मोठा फरक पडतो. अमेरिकेतल्या कोविटा प्रयोगक्षेत्रात पानझडी वन काढून पांढरा पाइन लावला. पंधरा वर्षांनी वार्षिक प्रवाह अपेक्षेपेक्षा सुमारे २० सेंटिमीटरने, म्हणजे २० टक्क्यांनी कमी भरला. वनाच्या जागी वनच होतं, नकाशावर रंगही बदलला नसता.

उतारवाट

वरच्या दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट अध्याहृत आहे: पाणी मातीत शिरतंय. ते शिरतच नसेल तर हिशेब बदलतो, आणि धागाकर्तीला हवा असलेला दुवा इथेच आहे.

वनाच्या जमिनीत पालापाचोळा, मुळांच्या पोकळ्या, गांडुळांची भोकं यामुळे पाणी झपाट्याने मुरतं. तिथे पृष्ठभागावरून वाहणारा प्रवाह जवळजवळ दिसत नाही, पाणी उताराने मातीतल्या मातीत सरकत ओढ्याला येतं. तेच वन तोडून जमीन अतिचराईला गेली, यंत्रं फिरली किंवा उघडी राहून थेंबांच्या माऱ्याने वर पापुद्रा धरला, की मुरण्याचा वेग पावसाच्या तीव्रतेखाली येतो आणि पाणी वरूनच पळतं.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. झाडं गेल्यामुळे वाचलेलं पर्णोत्सर्जन, आणि माती बिघडल्यामुळे मुरायचं हुकलेलं पाणी. पहिला मोठा असेल तर तोडीनंतर कोरड्या महिन्यांतला प्रवाह वाढतो. दुसरा मोठा असेल तर घटतो. प्रयोगक्षेत्रांत तोड काळजीपूर्वक होते, माती शाबूत राहते, म्हणून तिथले निकाल बहुधा पहिल्या बाजूचे असतात. प्रत्यक्ष खेडोपाडी तोडीनंतर चराई, वाटा, धूप हे सगळं मागोमाग येतं, म्हणून लोकांना दिसतं ते दुसरं.

लागवडीलाही हेच उलट्या दिशेने लागू आहे, पण त्यात वेळेची मेख आहे. झपाट्याने वाढणाऱ्या झाडाची पाण्याची मागणी पाच-सात वर्षांत जोमात येऊ शकते, घट्ट झालेल्या मातीची मुरणक्षमता सुधारायला त्याहून बराच जास्त काळ लागू शकतो. त्यामुळे मधल्या काळात दोन्हींकडून तोटा होऊ शकतो. लागवडीखालचा पालापाचोळा गोळा होत असेल किंवा आत चराई चालू असेल, तर माती सुधारतच नाही, मागणी तेवढी वाढते.

निलगिरीचं उदाहरण घ्या (पर्वताचं आणि झाडाचं, दोन्ही). उदगमंडलमजवळ ग्लेनमॉर्गनला नैसर्गिक गवताळ पाणलोटात निलगिरी लावून शेजारच्या न बदललेल्या पाणलोटाशी तुलना झाली. पहिल्या दहा वर्षांच्या फेरीत वार्षिक पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटलं. कापणीनंतर खोडव्यातून फुटलेल्या दुसऱ्या फेरीत घट सुमारे २५ टक्के झाली, कारण खोडव्याला मुळं आधीच तयार मिळाली होती. तिथली गवताळ जमीन मुळातच चांगली मुरवणारी होती, त्यामुळे मातीच्या बाजूने भरपाई होण्यासारखं काही नव्हतं.

निवळी

म्हणजे ‘आधी तिथे काय होतं’ हे ‘आता काय लावलं’ याच्याइतकंच मोलाचं. वनाच्या वयाचाही असाच परिणाम होतो का?

पालापाचोळा

मोठा होतो. मेलबर्नच्या पाणीपुरवठ्याच्या पाणलोटांत १९३९ च्या वणव्यांनी माउंटन ॲश या निलगिरीच्या जातीची जुनी वनं जळाली. त्यावरून कुझेरा यांनी मांडलेल्या आलेखानुसार नवं दाट वन वाढताना वार्षिक प्रवाह घटत जातो, पंचवीस-तीस वर्षांच्या वयाला जुन्या वनाच्या जवळपास निम्म्यावर येतो आणि पूर्ववत व्हायला शंभराहून जास्त वर्षं जातात. तरुण वनात रसवाहक लाकडाचं क्षेत्र आणि पानांचा पसारा हेक्टरी जास्त असतो. जलशास्त्राच्या दृष्टीने जुनं वन आणि वीस वर्षांचं वन हे दोन वेगळे जमीनवापर आहेत.

याउलट अमेरिकेतल्या हबर्ड ब्रुक प्रयोगक्षेत्रात १९६५ च्या हिवाळ्यात एक अख्खं पाणलोट तोडलं आणि तीन वर्षं तणनाशकाने पुन्हा काही उगवू दिलं नाही. पहिल्या वर्षी प्रवाह अपेक्षेपेक्षा ३९ टक्के वाढला, दुसऱ्या वर्षी २८ टक्के. फवारणी थांबून झुडपं वाढली तशी ही वाढ विरत गेली. तोडीतून मिळणारं ‘जादा पाणी’ हे असं उसनं असतं.

काठावरचा

पुराचं काय? उपनगर वाढलं की पूर वाढतो हे तरी वादातीत आहे ना? आणि वनाने पूर थांबतो का?

मोजपट्टी

कर्व्ह नंबरच्या पद्धतीने बघू, कारण बहुतेक कार्यालयांत तीच वापरतात. कर्व्ह नंबर (कनं) हा जमिनीचा अंक; तो जितका मोठा तितकं जास्त पाणी वाहून जातं. सा म्हणजे जमीन धरू शकेल तेवढं पाणी, आणि पा इथे वर्षाचा नाही, त्या एका वेळचा पाऊस. सा = २५४०० ÷ कनं − २५४, आणि अपधाव = (पा − ०.२ सा)² ÷ (पा + ०.८ सा), सगळं मिमीमध्ये. मातीचा गट ब (मध्यम मुरणारी): चांगल्या वनाचा कर्व्ह नंबर ५५, सरळ ओळीतल्या चांगल्या पिकाचा ७८, फरशी-डांबराचा ९८.

५० मिमीच्या पावसाला वनातून ०.३ मिमी अपधाव, पिकातून ११.९. म्हणजे ३६ पट. १०० मिमीला १२.८ आणि ४६.७, साडेतीन पट. २५० मिमीला १०४ आणि १८१, पावणेदोन पट. पाऊस जसा मोठा, तसा जमीनवापराचा फरक पुसट. नेहमीचे छोटे पूर वन नक्की कमी करतं. महापुराच्या वेळी माती आधीच तुडुंब असते आणि जागाच उरत नाही. वन तोडल्याने महापूर आला असं म्हणणाऱ्याने आधी त्या दिवसाचा पाऊस आणि त्याआधीच्या आठवड्याची ओल दाखवावी.

वस्तीच्या बाबतीत एक चूक हमखास होते. समजा २० टक्के क्षेत्र फरशीखाली (९८) आणि ८० टक्के वन (५५). बरेच जण कर्व्ह नंबरचीच भारित सरासरी काढतात: ६३.६. ५० मिमीला अपधाव येतो २.६ मिमी. वेगवेगळा अपधाव काढून मग सरासरी घेतली तर ९.१ मिमी. साडेतीन पट! सूत्र वक्र आहे, म्हणून नंबरांची सरासरी आणि अपधावांची सरासरी एक नाही. फरशीचं पाणी थेट गटारात जात असेल तर दुसरी पद्धतच बरोबर. ते आधी मोकळ्या जमिनीवर पसरत असेल तर खरं उत्तर दोन्हींच्या मध्ये.

गाळमोजणी

+१. पण कर्व्ह नंबर हा फक्त घनफळ देतो, विसर्ग नाही. कमाल विसर्गासाठी पाणी किती वेळात गोळा होतं ते लागतं, आणि शहरीकरणात खरा दणका तिथे बसतो. गटारं, सरळ केलेले नाले, गुळगुळीत काँक्रीट यामुळे गोळा होण्याचा काळ निम्म्यावर आला, तर तेवढंच पाणी अरुंद आणि उंच शिखरात येतं. शिवाय छोटा काळ म्हणजे आरेखनासाठी जास्त तीव्रतेचा पाऊस धरावा लागतो, तो तिसरा फटका. वनांतल्या पूरवाढीचं श्रेयही बऱ्याचदा तोडीइतकंच तोडीसाठी काढलेल्या रस्त्यांना जातं: कापलेला उतार मातीतलं सरकणारं पाणी उघडं पाडतो आणि रस्त्याकडेची चर ते थेट ओढ्याला नेते.

आणि ‘वादातीत’ म्हणाल तर वनतोड आणि पूर हा विषय अजिबात नाही. अमेरिकेच्या कॅस्केड पर्वतातल्या नोंदींवर जोन्स आणि ग्रँट (१९९६) यांनी मोठी वाढ दाखवली. थॉमस आणि मेगहॅन (१९९८) यांनी त्याच नोंदी वेगळ्या पद्धतीने तपासून मोठ्या पुरांत फरक सापडत नाही असं म्हटलं. पुढे २००९ मध्ये अलीला आणि सहकाऱ्यांनी मूळ तुलनेवरच बोट ठेवलं: एकाच वादळाचे दोन पूर जोडीने ताडण्याऐवजी समान वारंवारितेचे पूर ताडले पाहिजेत. १० टक्क्यांनी वाढलेला विसर्ग किरकोळ वाटतो, पण पूर-वारंवारितेचा आलेख सपाट असेल तर तेवढ्याने ५० वर्षांतून एकदा येणारा पूर बराच जास्त वेळा येऊ शकतो.

पिक्सेल

नकाशांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. जमीनवापर बदलाची बहुतेक गणितं दोन उपग्रह-नकाशांच्या वजाबाकीवर उभी असतात. प्रत्येकाची अचूकता ८५ टक्के असेल आणि चुका एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर दोन्हींत बरोबर असलेले पिक्सेल सुमारे ७२ टक्केच. ‘वन ६ टक्क्यांनी वाढलं’ हा निष्कर्ष अशा जोडीतून निघूच शकत नाही.

ठरलेले खड्डे: एक नकाशा पावसाळ्यानंतरचा आणि दुसरा उन्हाळ्यातला असला की पानझडी वन एकात वन आणि दुसऱ्यात झुडूप दिसतं. फळबागा, ऊस, लागवड हे सगळं ‘वन’ गटात शिरतं. ३० मीटरच्या प्रतिमेवर शेताच्या बांधावरची झाडं हरवतात. त्यामुळे दोन्ही वर्षांची त्याच महिन्याची चित्रं घ्या, चुकांचा तक्ता काढून क्षेत्रफळ दुरुस्त करा, आणि ‘वन’ हा एकच वर्ग न ठेवता सदाहरित, पानझडी, लागवड असे तरी तोडा. कोविटाचं वर आलंच आहे.

उतारवाट

याला जोडून: बॉश आणि ह्यूलेट यांनी १९८२ मध्ये ९४ प्रयोग एकत्र पाहिले. आच्छादनात दर १० टक्के बदलामागे वार्षिक प्रवाहात सूचिपर्णी व निलगिरीला सुमारे ४० मिमी, पानझडीला २५ आणि झुडपांना १० मिमी फरक. महत्त्वाचं म्हणजे २० टक्क्यांपेक्षा कमी बदल प्रवाहाच्या नोंदीत ओळखू येत नाही. तेही छोट्या, नीट मोजलेल्या पाणलोटांत.

निवळी

मग मोठ्या नदीच्या नोंदीतून परिणाम वेगळा करायचा कसा? तिथे जोडपाणलोट नसतं.

गाळमोजणी

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून क्रमानेच सांगतो.

सर्वांत आधी सरितामापन केंद्राचा इतिहास काढा. केंद्राची जागा हलली का, पट्टीचा शून्य बदलला का, रेटिंग कर्व्ह (पाण्याच्या पातळीवरून विसर्ग काढायचा आलेख) शेवटचा कधी तपासला. वाळूउपशाने पात्र खोल गेलं तर तेवढ्याच विसर्गाला पाण्याची पातळी कमी दिसते, आणि जुना कर्व्ह वापरला की प्रवाह ‘घटतो’. पात्रात गाळ साठला की उलट. ही तपासणी टाळून वनावर खापर फोडलेले अहवाल कमी नाहीत.

मग दुहेरी संचय आलेख: आडव्या अक्षावर पावसाची एकत्रित बेरीज, उभ्यावर प्रवाहाची. रेषेचा उतार कुठे मोडतो ते बघा, आणि ते वर्ष पेटिटच्या चाचणीने (नोंदमालिका कुठे बदलली ते शोधणारी सांख्यिकी चाचणी) पडताळा. पावसाची केंद्रं मध्येच बदललेली असतील तर मोड तिथूनही येतो, म्हणून संपूर्ण कालावधीत चालू असलेलीच केंद्रं घ्या. कल तपासायला मान-केंडॉल वापरत असाल तर वर्षावर्षांतला परस्परसंबंध आधी काढून टाका, नाहीतर नसलेला कल सापडतो.

त्यानंतर मोडाआधीच्या काळावर बुडिको पद्धतीचं (पाऊस आणि बाष्पीभवनक्षमता यांवरून प्रत्यक्ष बाष्पीभवन देणारं) एखादं सूत्र बसवा (मोजपट्टींनी दिलेलं त्याच घराण्यातलं आहे) आणि पाणलोटाचा गुणांक काढा. तोच गुणांक ठेवून नंतरच्या काळाचा पाऊस आणि बाष्पीभवनक्षमता घाला. आलेला प्रवाह म्हणजे ‘जमीन बदलली नसती तर’ मिळाला असता तो. प्रत्यक्ष आणि यातला फरक म्हणजे हवामानाव्यतिरिक्तचा परिणाम. दोन्ही काळ किमान दहा-पंधरा वर्षांचे हवेत, नाहीतर साठ्यातला बदल शून्य धरता येत नाही.

हा उरलेला फरक म्हणजे ‘वनाचा परिणाम’ असं लिहायचा मोह होतो. त्यात उपसा, कालवे, विहिरी, छोटे बंधारे, शेततळी सगळं मिसळलेलं असतं. सिंचन वाढलेल्या पाणलोटात उन्हाळी पिकाचं बाष्पीभवन वनापेक्षा जास्त भरू शकतं.

पिक्सेल

मॉडेलवाल्यांसाठी: स्वॅट (पाणलोटातल्या पाण्याचं संगणकी मॉडेल) वापरून ‘जुना नकाशा काढा, नवा घाला, फरक बघा’ हा खेळ सोपा आहे आणि म्हणूनच धोकादायक. मॉडेलचं अंशशोधन (नोंदींशी जुळवून गुणांक ठरवणं) फक्त बाहेर पडणाऱ्या प्रवाहावर झालं असेल तर बाष्पीभवन आणि खोल पाझर यांची वाटणी कशीही असली तरी आलेख जुळतो. मग जमीनवापराला मिळणारं उत्तर त्या मनमानी वाटणीतून येतं. उपग्रहावरून काढलेलं बाष्पीभवन किंवा पानांचा पसारा यांच्याशी वर्गवार ताडून घ्या. उष्ण प्रदेशात आणखी एक अडचण: मूळ स्वॅटमध्ये झाडांची सुप्तावस्था दिवसाच्या लांबीवर ठरते. विषुववृत्ताकडे झाडं थांबतात ती ओल संपल्यामुळे, दिवस लहान झाल्यामुळे नाही. पानांच्या पसाऱ्याचा आलेख न पाहता वापरलेलं मॉडेल वनाला भलत्याच महिन्यात पानं देतं. आणि नकाशा एका रात्रीत बदलू नका, दरवर्षीचा बदल देण्याची सोय मॉडेलमध्ये आहे.

काठावरचा

थोडं अवांतर. धुक्याच्या पट्ट्यातली वनं या सगळ्याला अपवाद ना?

पालापाचोळा

हो. तिथे पानं ढगातलं पाणी गाळून घेतात आणि ते थेंबाथेंबाने खाली पडतं. पर्जन्यमापकात ते मोजलंच जात नाही. असं वन तोडलं तर ताळेबंदाची जमेची बाजूच घटते, म्हणून प्रवाह वाढण्याऐवजी कमी होऊ शकतो. बर्फाळ प्रदेशाचं गणितही निराळं: छत्रावर अडलेला बर्फ तिथूनच उडतो, म्हणून मोकळ्या जागी साठा जास्त, पण वितळणं लवकर आणि एकदम.

मोजपट्टी

नियमांच्या बाजूने एक नोंद. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या राष्ट्रीय जल कायद्यात व्यापारी वनलागवडीला ‘प्रवाह घटवणारी कृती’ ठरवून परवाना आवश्यक केला आहे. म्हणजे लागवड करणारा हा कायद्याच्या लेखी पाण्याचा वापरकर्ता. तिथल्या जोंकर्सहुक आणि कॅथीड्रल पीक या प्रयोगक्षेत्रांच्या पाणलोट-नोंदी हाताशी असल्यामुळे हे शक्य झालं. गवत किंवा झुडपांवर लागवडीच्या जगभरच्या २६ नोंदसंचांचं २००५ मध्ये जे विश्लेषण झालं (फार्ले आणि सहकारी) त्यात गवताच्या जागी सरासरी ४४ टक्के आणि झुडपांच्या जागी ३१ टक्के घट निघाली.

@निवळी, तुमच्याकडे दैनंदिन प्रवाह असेल तर वार्षिक बेरजेवर थांबू नका. मोडाआधीचा आणि नंतरचा प्रवाह-कालावधी वक्र (कोणता विसर्ग किती टक्के काळ ओलांडला जातो याचा आलेख) एकाच कागदावर काढा, उभा अक्ष लॉगमध्ये. ९० ते ९५ टक्के काळ ओलांडला जाणारा विसर्ग घटला आणि वरचा भाग जागेवर राहिला तर लागवड किंवा उपसा. वरचा उचलला आणि खालचा बसला तर माती बिघडली आहे किंवा फरशी वाढली आहे. दोन्ही टोकं सारख्या प्रमाणात खाली आली तर आधी पाऊस आणि रेटिंग कर्व्ह पुन्हा बघा. उपसा आणि लागवड यांत फरक करायला उपशाचे महिने कामी येतात: पंप बंद असतात त्या आठवड्यांतला ओसरता प्रवाह तेवढा वेगळा काढून ताडता येतो.